नम्बानं कंपाइल करताना स्क्रिप्ट अडते: मिश्र प्रकार, डिक्शनरी, रिकर्शन

पाणलोट

नमस्कार मंडळी. उंचीच्या ग्रिडवरून पाणी कुठून कुठे वाहील हे काढणारी माझी एक पायथन स्क्रिप्ट आहे, साधारण साडेसहाशे ओळींची. ग्रिड ३००० बाय ३०००, म्हणजे ९० लाख चौकोन. आधी कडेपासून आत येत प्रायॉरिटी क्यू (सगळ्यांत कमी उंचीचा चौकोन आधी देणारी रांग) वापरून खड्डे भरते, मग प्रत्येक चौकोनाच्या आठ शेजाऱ्यांत सगळ्यांत जास्त उतार कुठे आहे ते बघून दिशा ठरवते, आणि शेवटी प्रत्येक चौकोनातून वरच्या किती चौकोनांचं पाणी जातं ते मोजते. सपाट तळ्यांत दिशा ठरावी म्हणून भरताना प्रत्येक पावलाला ०.००००१ मीटर वाढवते. नकाशाबाहेरचे चौकोन रिकामे, म्हणजे 'नॅन' आहेत.

छोट्या ग्रिडवर कागदावर मांडून ताडून पाहिलंय, उत्तर बरोबर येतं. पण मोठ्या ग्रिडला ११ मिनिटं लागतात आणि खड्ड्याच्या कमाल खोलीच्या ४० वेगवेगळ्या किमती घालून बघायच्यात. सव्वासात तासांच्या वर जातं. एक चूक सापडली की पुन्हा पहिल्यापासून.

म्हणून नम्बाचा, म्हणजे पायथनची फंक्शनं मशीन कोडमध्ये बदलणाऱ्या लायब्ररीचा, एनजिट डेकोरेटर (फंक्शनवर लावायची खूण) लावायला घेतला. चार दिवस अडकले आहे. अडचणी अशा:

दिशा काढणारं फंक्शन कडेला असेल तर 'कड' अशी स्ट्रिंग परत देतं, नाहीतर ओळ आणि स्तंभाचा टपल. कंपायलर म्हणतो, परतीचे प्रकार एकत्र करता येत नाहीत.

प्रत्येक चौकोनाची माहिती डिक्शनरीत आहे. किल्ली ओळ-स्तंभ, आत पुन्हा डिक्शनरी: उंची, भरलेली उंची, दिशा. ती फंक्शनला दिली की 'पायऑब्जेक्ट' म्हणून एरर. शेजारी नसेल तर 'की एरर' पकडून पुढे जाते, तोही प्रकार चालत नाही म्हणतो.

पाणी मोजणारं फंक्शन स्वतःलाच बोलावतं. तेवढाच भाग वेगळा काढून ॲरेवर लिहिला, तर कंपाइल झाला. पण मोठ्या ग्रिडवर प्रोग्राम सरळ बंद पडतो, सेगमेंटेशन फॉल्ट, ट्रेसबॅक काही नाही. पायथनमध्ये रिकर्शनची मर्यादा वाढवून हेच नीट चालतं.

आणि खड्डा भरायचा की नाही हे ठरवणारं छोटं फंक्शन एका झटक्यात कंपाइल झालं, पण कमाल खोली बदलली तरी ४० वेळा तेच उत्तर. खोली फाइलच्या वर ग्लोबल म्हणून आहे.

दुसऱ्या एका जुन्या मशीनवर नुसतं जिट लावलं तर वॉर्निंग आल्या पण चाललं, फक्त वेळ होता तेवढाच.

स्क्रिप्ट जशी आहे तशी मशीन कोडमध्ये नेणारं काही आहे का? की सगळं सी मध्ये नव्यानं लिहू? फास्टमॅथ (वेगासाठी दशांश गणिताचे नियम सैल करणारा पर्याय) लावल्यानं किती फरक पडेल?

शून्यओळ

नुइटका बघितलंत का? जवळजवळ कुठलीही पायथन स्क्रिप्ट न बदलता सी मध्ये नेऊन कंपाइल करतं. डिक्शनरी, रिकर्शन, एक्सेप्शन, सगळं चालतं. मी माझी एक छोटी अवजारांची पेटी त्यावरच वाटतो, समोरच्याकडे पायथन बसवलेलं नसलं तरी चालते.

मितभाषी

शून्यओळ म्हणतात ते वाटपासाठी अगदी योग्य आहे. पण पाणलोटताईंची अडचण वेगाची आहे. नुइटका पायथनचं वागणं तंतोतंत जपतं, म्हणून दोन संख्यांची बेरीज करतानाही बहुतेक ठिकाणी त्या पायथनच्या वस्तूच राहतात. वस्तूचा प्रकार तपासा, बेरजेचं फंक्शन शोधा, उत्तराची नवी वस्तू बनवा. आतल्या लूपमध्ये वेळ खाते ती हीच खटपट, आणि ती तशीच राहते.

जुन्या मशीनवर झालं तेही हेच. नम्बाच्या जुन्या आवृत्त्यांत नुसतं जिट लावलं आणि प्रकार ठरले नाहीत, तर तो नुसती वॉर्निंग देऊन ऑब्जेक्ट मोडमध्ये जायचा, म्हणजे सगळं पायथनच्या वस्तूंवरच चालवायचा. ०.५९ आवृत्तीपासून ते बंद झालं, आता तो सरळ एरर देतो. मला हा बदल फार मोलाचा वाटतो. एरर आली म्हणजे नेमकी कुठली ओळ संथ राहिली असती ते कळतं.

मी आठ-नऊ वर्षं हीच कामं करतोय, त्यामुळे तुमची यादी वाचताना प्रत्येक ओळ ओळखीची वाटली. सगळ्या अडचणींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. मशीन कोड लिहिण्याआधी कंपायलरला प्रत्येक नाव किती बाइटांचं आणि कुठल्या प्रकारचं आहे हे कळावं लागतं. 'कड' आणि टपल यांना एकच जागा देता येत नाही, म्हणून तो थांबतो.

तेव्हा दिशा संख्येत लिहा. ० ते ७ आठ दिशा, -१ म्हणजे कड, -२ म्हणजे खड्डा. एका बाइटाच्या पूर्णांकांचा ॲरे पुरतो. ओळ-स्तंभाच्या जोडीऐवजी एकच क्रमांक ठेवा: ओळ गुणिले स्तंभांची संख्या, अधिक स्तंभ.

डिक्शनरी पूर्ण काढून टाका. नम्बाची स्वतःची टाइप्ड डिक्शनरी आहे, पण तिच्यात सगळ्या किमती एकाच प्रकारच्या लागतात, आणि तुमच्या किल्ल्या तर सलग आहेत. सलग किल्ल्यांची डिक्शनरी म्हणजे ॲरेच की. उंचीचा एक, भरलेल्या उंचीचा एक, दिशेचा एक. ६४ बिटांच्या उंचीला ९० लाख चौकोनांचे ७ कोटी २० लाख बाइट होतात. तुमच्या आत्ताच्या रचनेत प्रत्येक चौकोनाची डिक्शनरीच काहीशे बाइट खात असेल.

इथे एक धोका आहे आणि तो कंपायलर सांगणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. डिक्शनरीत ओळ -१ शोधली की 'की एरर' यायची आणि तुम्हाला कड कळायची. ॲरेत -१ म्हणजे शेवटची ओळ! वरच्या कडेचा चौकोन खालच्या कडेला शेजारी समजेल आणि कुठेही तक्रार येणार नाही. दुसऱ्या टोकाला तर आणखी वाईट: नम्बा ॲरेची हद्द मुळात तपासतच नाही, ओळ ३००० मागितली तर पलीकडच्या मेमरीत जे काही असेल ते वाचतो. म्हणून शेजारी घेण्याआधी ओळ आणि स्तंभ शून्य ते २९९९ मध्ये आहेत का हे स्वतः तपासा. एक्सेप्शनवर विसंबू नका. एनजिटमध्ये 'की एरर' असा विशिष्ट प्रकार पकडताच येत नाही, सरसकट एक्सेप्शन तेवढं पकडता येतं. लिहून होईपर्यंत डेकोरेटरला बाउंड्सचेक (ॲरेची हद्द तपासणारा पर्याय) चालू ठेवा, मग काढा.

प्रायॉरिटी क्यू तशीच ठेवा. पायथनचं प्रायॉरिटी क्यूचं मॉड्यूल, हीपक्यू, नम्बात चालतं. फक्त रिकामी यादी दिली तर आत काय येणार हे त्याला कळत नाही. दशांश उंची आणि पूर्णांक क्रमांक यांचा एक खोटा टपल घालून यादी बनवा आणि लगेच तो काढून टाका. प्रकार ठरला, यादी रिकामी. तुमच्या जुन्या टपलात उंचीनंतर ओळ आणि मग स्तंभ असेल तर नव्या एकाच क्रमांकानंही समान उंचीचे चौकोन त्याच क्रमानं बाहेर पडतील. हे मुद्दाम सांगतोय, कारण क्रम बदलला तर सपाट जागी दिशा बदलतात आणि जुन्या उत्तराशी पडताळणी करता येत नाही.

रिकर्शन. पायथन ३.११ पासून पायथनच्या फंक्शननं पायथनचंच फंक्शन बोलावलं तर सी चा स्टॅक (अर्धवट राहिलेल्या फंक्शनांची नोंद ठेवणारी मेमरी) खर्च होत नाही, म्हणून मर्यादा वाढवली की तुमचं चालतं. कंपाइल झालेलं फंक्शन मात्र खऱ्या स्टॅकवर उभं राहतं. तो काही मेगाबाइटांचा असतो आणि तिथे खोली मोजणारं कुणी नाही. लांब नदी किंवा मोठं तळं आलं की स्टॅक संपतो आणि प्रोग्राम मरतो. यावर नेहमीचा उपाय म्हणजे स्वतःचा स्टॅक ॲरेत ठेवणं, पण तुमच्याकडे त्याहून सोपी वाट आहे. खड्डे भरताना चौकोन क्यूमधून ज्या क्रमानं बाहेर पडतात तो एका ॲरेत नोंदवा. तो खालून वर असा क्रम आहे. त्याच्या उलट चाला आणि प्रत्येक चौकोनाचं पाणी त्याच्या दिशेच्या चौकोनात मिळवा. पाणी नेहमी खाली जातं, म्हणजे आधी बाहेर पडलेल्या चौकोनाकडे, त्यामुळे तुम्ही एखाद्या चौकोनापाशी पोहोचता तेव्हा त्याच्या वरचे सगळे झालेले असतात. एक साधा लूप, रिकर्शन नाही, वेगळा स्टॅक नाही.

ग्लोबलचं उत्तर छोटं आहे: नम्बा ग्लोबल चलाला कंपाइल करतानाचा स्थिरांक मानतो. पहिल्या वेळची किंमत मशीन कोडमध्ये कोरली गेली. कमाल खोली आणि ती ०.००००१ ची वाढ, दोन्ही फंक्शनला द्या.

फास्टमॅथ लावू नका, निदान तुम्ही तरी. त्यात कंपायलरला 'नॅन कधीच येणार नाही' असं वचन दिलेलं असतं. तुमचे नकाशाबाहेरचे चौकोन नॅनच आहेत. 'हा नॅन आहे का' ही तपासणी तो निरर्थक समजून उडवून टाकू शकतो.

आणि साडेसहाशे ओळी कंपाइल करायचा हट्ट धरू नका. फाइल वाचणं, नावं, छापणं, चित्र काढणं पायथनमध्येच राहू द्या. तीन फंक्शनं, ॲरे आत, ॲरे बाहेर. जुनी स्क्रिप्ट जपून ठेवा, तिच्याइतका भरवशाचा साक्षीदार मिळणार नाही. ५० बाय ५० चे यादृच्छिक ग्रिड बनवून दोन्हींचं उत्तर चौकोन-चौकोन ताडा. मध्येच काही समजेनासं झालं तर नम्बाचं जिट बंद करणारा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आहे, तो लावला की तोच कोड साधा पायथन म्हणून चालतो आणि प्रिंट, डीबगर सगळं वापरता येतं.

पाणलोट

मनापासून आभार. उलट क्रमाची कल्पना वाचून कागदावर ५ बाय ५ चं ग्रिड काढून बघितलं, खरंच जमतं! मी दोन दिवस रिकर्शनच्या जागी स्टॅक बसवत होते. आज रात्री लिहायला घेते.

दोनजागा

सायथनची, म्हणजे प्रकार सांगता येणारं पायथन सी मध्ये नेऊन कंपाइल करणाऱ्या अवजाराची, बाजू मांडतो, कारण माझं सगळं काम त्यातच आहे. त्याची मला आवडणारी गोष्ट ही की तो नकार देत नाही. प्रकार सांगितला नाही तर ती ओळ पायथनच्या वस्तूंवर चालते, बाकीची वेगात. शिवाय तो एक एचटीएमएल पान बनवून देतो, ज्यात पायथनकडे जाणाऱ्या ओळी पिवळ्या दिसतात, जितकी खटपट जास्त तितका पिवळा गडद. आतल्या लूपमधला पिवळा रंग घालवत जायचं. साडेसहाशे ओळींची स्क्रिप्ट हळूहळू न्यायची असेल तर मनाला फार बरं वाटतं.

पण या कामात हीपक्यू तिथे पायथनचंच राहील आणि तो पिवळा जाणार नाही. सी प्लस प्लसची प्रायॉरिटी क्यू आणावी लागेल, आणि ती सगळ्यांत मोठा आधी देते, म्हणजे उंची ऋण करून घालायची. त्यामुळे इथे मीसुद्धा नम्बाच घेतला असता.

एक सांगून ठेवतो. सायथन ३.० च्या आधी, सी प्रकार परत देणाऱ्या सीडेफ (सायथनच्या सी-पद्धतीच्या) फंक्शनात एक्सेप्शन आलं आणि तुम्ही वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर ते फक्त छापलं जायचं आणि प्रोग्राम पुढे जायचा. जुन्या कोडमधून नमुना उचलाल तर हे ध्यानात असू द्या. माझ्या एका हिशेबात तीन आठवडे शून्यं भरत होती.

पाणलोट

झालं, पण झालं नाही.

तीन फंक्शनं कंपाइल झाली. पहिल्यांदा बोलावताना कंपाइल व्हायला काही सेकंद जातात, नंतर पूर्ण ग्रिड ४ सेकंदांत. ५० बाय ५० चे २०० यादृच्छिक ग्रिड जुन्या स्क्रिप्टशी ताडले, एकही फरक नाही. मग खऱ्या ग्रिडवर चालवलं तर ८,४१३ चौकोनांवर दिशा -२, म्हणजे खड्डा. खड्डे भरल्यावर खड्डा राहायलाच नको! जुन्या स्क्रिप्टमध्ये एकही नाही. सगळे चौकोन तळ्यांच्या सपाट भागात आहेत. बाउंड्सचेक चालू करून बघितलं, काही नाही. जिट बंद करून त्याच ग्रिडचा एक तुकडा चालवला, तरी तसंच.

भरलेल्या उंचीचा ॲरे मी उंचीच्या ॲरेची कॉपी करून बनवते आणि शेजाऱ्याची नवी उंची त्यातूनच वाचून वाढवते.

मितभाषी

जिट बंद करूनही तसंच येतंय, म्हणजे दोष कंपायलरचा नाही. तो डिक्शनरीतून ॲरेत येताना शिरलाय. फाइलमधून आलेला उंचीचा ॲरे ३२ बिटांचा आहे का बघा. मला जवळजवळ खात्री आहे.

जुन्या स्क्रिप्टमध्ये प्रत्येक उंची पायथनची फ्लोट होत असणार, ती ६४ बिटांची. ३२ बिटांच्या दशांश संख्येत २४ अर्थपूर्ण बिट असतात. ५१२ ते १०२४ मीटरच्या उंचीवर दोन लगतच्या संख्यांमधलं अंतर सुमारे ०.००००६ असतं. ६०० मध्ये ०.००००१ मिळवून ३२ बिटांच्या ॲरेत ठेवलं की पुन्हा ६०० च होतात. बेरीज ६४ बिटांत बरोबर झालेली असते, ठेवताना ती गोल होते आणि कुणी काही बोलत नाही. तळं सपाटच राहतं, उतरता शेजारी सापडत नाही, म्हणून -२.

यादृच्छिक ग्रिडवर हे निसटलं याचं कारण नमपायचा यादृच्छिक ॲरे ६४ बिटांचा असतो. ती कसोटी मी सुचवली होती आणि ती अपुरी होती. कसोटीचा ॲरे खऱ्या डेटाच्याच प्रकारचा घ्या, हे तेव्हाच लिहायला हवं होतं. शिवाय नम्बा प्रत्येक प्रकारासाठी वेगळा मशीन कोड बनवतो. म्हणजे तुम्ही २०० वेळा तपासलात तो कोड आणि खऱ्या ग्रिडवर धावला तो कोड हे दोन वेगळे कोड होते. कंपाइल केलेल्या फंक्शनच्या सिग्नेचर्स (कुठल्या प्रकारांसाठी कोड बनला त्याची यादी) छापून बघा, दोन दिसतील.

उंची आत घेतानाच ६४ बिटांत बदला. कसोटीत ६०० च्या आसपास उंची असलेलं एक मोठं सपाट तळंही घाला. यादृच्छिक आकड्यांत असं मोठं सपाट तळं जवळपास कधी बनत नाही.

पाणलोट

३२ बिटांचाच होता. सिग्नेचर्स दोन दिसल्या. एक ओळ बदलली, -२ एकही उरला नाही, आणि पूर्ण ग्रिडवर जुन्या स्क्रिप्टच्या सगळ्या ९० लाख दिशांशी जुळलं. पाण्याचे आकडेही जुळले. ४० किमती तीन मिनिटांच्या आत होतात. काल संध्याकाळी सलग सहा वेळा चालवलं, फक्त चालवता येतं म्हणून.

एक शेवटचं विचारते. रोज पहिल्यांदा कंपाइल होण्यात वेळ जातो म्हणून कॅश (कंपाइल झालेला कोड डिस्कवर साठवणारा पर्याय) चालू केलं. दिशेचे नियम वेगळ्या फाइलमध्ये ठेवलेत, तिथे बदल केला तर मुख्य फंक्शन जुन्याच नियमांनी चालतंय.

मितभाषी

ते तसंच आहे. कॅश फंक्शनच्या स्वतःच्या फाइलचा बदल ओळखतो, दुसऱ्या फाइलमधून आणलेल्या फंक्शनचा नाही. तिन्ही फंक्शनं आणि नियम एकाच फाइलमध्ये ठेवा, नाहीतर नियम बदलल्यावर पायकॅश फोल्डरमधल्या नम्बाच्या फाइली पुसा. मी एकाच फाइलमध्ये ठेवतो.